पोटात बाळ आणि नाकात गाजरगवत

प्रश्न असा आला आहे: वय २९, पहिलंच बाळंतपण, पंधरावा आठवडा चालू, राहायला कोथरूडला, घरामागे मोकळा प्लॉट. दरवर्षी गणपती झाले की शिंका सुरू होतात त्या दिवाळीपर्यंत. एरवी रोज रात्री ॲलर्जीची गोळी आणि नाकात स्प्रे यावर निभायचं. दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी दोन्ही बंद केलं. आता सकाळी उठल्या उठल्या वीस-पंचवीस शिंका, डोळे चोळून लाल, रात्री नाक पूर्ण बंद. सासूबाई ज्येष्ठमध-अडुळशाचा काढा देतात. कोपऱ्यावरच्या केमिस्टने नाकात घालायचे थेंब दिलेत, ते दिवसातून पाच वेळा घालावे लागतात. शिंकेने बाळाला धक्का बसतो का, आणि घ्यायचं तरी काय?

शिंकेचं आधी सांगते, कारण ती धास्ती घेऊन बाई रात्रभर जागी राहते. शिंकेने बाळाला काही होत नाही. ते गर्भजलात तरंगतंय, भोवती गर्भाशयाची जाड भिंत आहे आणि तुमची शिंक त्याच्या दृष्टीने एक हेलकावा आहे, बस. शिंकताना जांघेपाशी जी कळ जाते ती गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या बंधांची. ते आता ताणलेले असतात आणि शिंकेचा झटका त्यांना सहन होत नाही. शिंक येतेय असं वाटलं की कमरेत जरा वाका, पोटाखाली हात धरा. कळ निम्मी होते. पुढच्या महिन्यांत शिंकेबरोबर लघवीचे थेंबही जातील. त्याची लाज नको, शिंकण्याआधी लघवी रोखतो तसे स्नायू आवळून धरायची सवय लावा. पण शिंक नसतानाही पाणी झिरपतंय आणि ते लघवीसारखं वाटत नाहीये, असं कधी झालं तर त्याच दिवशी तपासून घ्या.

आता खरा मुद्दा. तुम्ही जे बंद केलंत त्याबद्दल आम्हाला भरपूर माहिती आहे, आणि जे सुरू केलंत ते थेंब, ज्येष्ठमध आणि अडुळसा या तिन्ही गोष्टी मी तुमच्या जागी बंद केल्या असत्या. हे माझ्या ओपीडीत इतक्या वेळा दिसतं की मी आता पहिला प्रश्न ‘कुठलं औषध घेता’ असा विचारतच नाही. ‘घरी कोण काय देतंय आणि पर्समध्ये काय आहे’ असं विचारते.

पर्समध्ये थेंबच सापडतात. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असं बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असेल, वाचून बघा. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आक्रसून टाकतात, नाक दोन मिनिटांत मोकळं होतं, जादूच वाटते. पण तीन-चार दिवसांनंतर असर उतरला की त्या वाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. मग आणखी थेंब. दिवसाला पाच वेळा लागतात म्हणजे तुम्ही त्या चक्रात आधीच सापडला आहात. तुमच्या नाक चोंदण्यातला मोठा वाटा आता ॲलर्जीचा नसून थेंबांचा असणार. तोडायची युक्ती अशी: आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करा, दुसरीत चालू ठेवा. पहिली नाकपुडी चार-पाच दिवस छळेल, मग उघडेल. ती उघडली की दुसरीतले बंद. एका नाकाने श्वास चालू राहतो, त्यामुळे रात्री घाबरायला होत नाही. याच जोडीला खाली सांगितलेला स्प्रे सुरू असला की हे दिवस सोपे जातात.

याच घराण्यातली तोंडाने घ्यायची औषधं म्हणजे फेनिलेफ्रिन आणि स्युडोएफेड्रिन. ‘सर्दीची गोळी’ म्हणून जी मिळते तिच्यात बहुधा पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन आणि कधी कॅफिन असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. रक्तदाब वाढवणारं काहीही गरोदरपणी उगाच घ्यायचं नाही, आणि पहिल्या तिमाहीत तर या गोळ्यांना हातच लावायचा नाही. चार दुखणी मिटवणारी एक गोळी स्वस्त पडते खरी, पण तुम्हाला दुखणं एकच आहे.

आता काढा. सासूबाई प्रेमाने देतायत, त्यांच्या आईने त्यांना दिला असेल, त्यात त्यांची चूक नाही. पण हे दोन्ही घटक गरोदरपणात चालत नाहीत. अडुळशातलं व्हॅसिसिन खोकल्याला उपयोगी पडतं हे खरंच आहे, मात्र प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं असंही दिसलेलं आहे. मग कशाला? ज्येष्ठमधाची गोष्ट जास्त मजेशीर आहे. आईच्या रक्तातलं कॉर्टिसोल सगळंच्या सगळं बाळापर्यंत जाऊ नये म्हणून वारेत एक एन्झाइम असतं, ते कॉर्टिसोलला वाटेतच निष्क्रिय करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन नेमकं त्याच एन्झाइमला रोखतं. म्हणजे दारावरचा राखणदारच झोपी जातो. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या लोक आपल्याकडच्या आवळासुपारीसारख्या चघळतात. तिथे गरोदरपणात त्या भरपूर खाणाऱ्या आयांची मुलं मोठी झाल्यावर तपासली, तेव्हा बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत ती मागे पडलेली दिसली, आणि तिथला सरकारी आहारसल्ला आता गरोदर बायकांना ज्येष्ठमध टाळायला सांगतो. शिवाय ते रक्तदाब वाढवतं. एखादी कांडी चघळलीत म्हणून आभाळ कोसळत नाही, पण रोज दोन वेळा पेलाभर काढा ही वेगळी गोष्ट. सासूबाईंना सांगताना ‘डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं’ असं माझ्यावर ढकला. त्यांना काही द्यायचंच असेल तर आल्याचा चहा, हळद घातलेलं दूध, गरमागरम टोमॅटोचं सार, मुगाचं कढण, यातलं काहीही देऊ द्या. वेखंड उगाळून चाटण वगैरे मात्र नको.

वाफेचं विचारलं नाहीत, पण घेत असणारच. वाफ घ्यायला हरकत नाही, पातेल्यावर पोट घेऊन ओणवं होऊ नका. उकळत्या पातेल्याने भाजलेल्या गरोदर बाया मी पाहिल्या आहेत. स्टीमरचं भांडं टेबलावर ठेवा, त्यात बाम घालू नका. त्याहून बरं म्हणजे नाक धुणं.

नाक धुणं म्हणजे आपली जलनेती. एक पेला, साधारण २४० मिली, कोमट पाण्यात पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं नको, ॲक्वागार्डचंही नको, कारण पोटात गेलेलं पाणी आणि नाकात गेलेलं पाणी यात फरक आहे. नाकातून थेट मेंदूत शिरणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा आपल्या देशातही जीव घेतो. नेतीपात्र वापरा नाहीतर केमिस्टकडे मिळणारी दाबायची बाटली. बेसिनवर वाका, मान तिरकी करा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या, वरच्या नाकपुडीतून पाणी सोडा, खालच्या नाकपुडीतून येईल. पहिल्या दिवशी ठसका लागेल, तिसऱ्या दिवशी सवय होईल. मिठाचं प्रमाण चुकलं की नाक झोंबतं, एवढीच तक्रार येते. इटलीत मोसमी ॲलर्जी असलेल्या गरोदर स्त्रियांवर एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात दिवसातून तीन वेळा असं नाक धुणाऱ्यांना त्रासही कमी झाला आणि गोळ्याही कमी लागल्या. सकाळच्या शिंकांआधी एकदा, बाहेरून आल्यावर एकदा आणि झोपण्याआधी एकदा धुवा. पुण्यातल्या मुलींना स्कूटरवर तोंडभर स्कार्फ बांधायची सवय आहेच, तोही सोडू नका. परागकण बारीक धुळीपेक्षा बरेच मोठे असतात, त्यातले काही कापडावर अडकतात. फक्त तो स्कार्फ रोज धुवा, आठ दिवस डिकीत पडलेला नको.

एवढ्याने भागलं तर उत्तम. तुमच्या वर्णनावरून भागणार नाही, म्हणून स्प्रेकडे येते.

तुम्ही बंद केलेला स्प्रे कुठला ते लिहिलं नाहीत. नाकातल्या स्टेरॉइड स्प्रेमध्ये गरोदरपणात सर्वांत जास्त अनुभव ब्युडेसोनाइडचा आहे. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोनही चालतात, त्यांचा तर दोन टक्क्यांहून कमी भाग रक्तात पोचतो. ट्रायॲम्सिनोलोनचा स्प्रे मात्र मी देत नाही. एका मोठ्या अभ्यासात त्याचा आणि बाळाच्या श्वसनमार्गातल्या दोषांचा संबंध दिसला होता, आणि हाताशी चांगले पर्याय असताना तो वाद अंगावर घ्यायचं कारण नाही. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकला की नवरा-बायको दोघांचे चेहरे उतरतात, म्हणून मी कागदावर हिशेब मांडून दाखवते. ब्युडेसोनाइडचा एक फवारा ६४ मायक्रोग्रॅमचा धरला आणि दिवसभरात चार मारले तर होतात २५६ मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही हे खरं, पण नाकापुरतं औषध आणि अंगभर औषध यातलं अंतर लक्षात येतं.

याच कारणासाठी एका गोष्टीची धोक्याची घंटा. ‘ॲलर्जीची बारीक पांढरी गोळी’ म्हणून बीटामेथासोन आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सर्रास मिळते, आणि गावाकडे ‘वर्षभराचं ॲलर्जीचं इंजेक्शन’ म्हणून कमरेत स्टेरॉइड टोचतात. बीटामेथासोन वार ओलांडून बाळापर्यंत जातं. वेळेआधी बाळंत होण्याची भीती असते तेव्हा बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आम्ही ते मुद्दाम देतो, मोजून, दवाखान्यात. शिंकांसाठी नव्हे.

स्प्रे मारण्याची पद्धत दहातल्या आठ जणी चुकवतात आणि मग ‘उपयोग नाही’ म्हणतात. डोकं मागे टाकायचं नाही, किंचित पुढे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. नोझलचं टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने. सर्रकन ओढायचं नाही, ओढलंत की औषध घशात. नाक धुतल्यावर दहा मिनिटांनी मारा. मधल्या पडद्यावर रोज मारलं की तिथे खपली धरते, रक्त येतं, आणि गरोदरपणी नाकातून रक्त आलं की घरात रडारड. पूर्ण गुण यायला आठ-दहा दिवस लागतात, दोन दिवसांत निकाल लावू नका.

गोळीचं. सेटिरिझिन आणि लोरॅटाडिन या दोघांचा गरोदर स्त्रियांमधला अनुभव प्रचंड आहे, हजारो गर्भारपणांचा, आणि जन्मजात दोष वाढलेले दिसलेले नाहीत. लोरॅटाडिनबद्दल स्वीडनच्या नोंदींतून २००१ च्या सुमारास एक शंका निघाली होती, मुलग्यांमध्ये लघवीचं छिद्र खाली असण्याची. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. इंटरनेटवर ती अजून फिरते, म्हणून सांगितलं. शंभर गर्भारपणांत दोन-तीन बाळांत काही ना काही जन्मजात दोष असतो, आईने एकही गोळी घेतलेली नसली तरी. हा आकडा माहीत नसला की प्रत्येक गोष्टीचं खापर शेवटच्या गोळीवर फुटतं. सेटिरिझिन १० मिलिग्रॅम रात्री, झोप येते म्हणून. लोरॅटाडिन १० मिलिग्रॅम सकाळीही चालते. क्लोरफेनिरामिन जुनं आणि चालण्यासारखं, पण दिवसभर डोळ्यांवर झापड. तुमच्या गोळीत लेव्होसेटिरिझिनबरोबर मॉन्टेलुकास्ट असेल, आपल्याकडे ती जोडगोळी चण्या-फुटाण्यासारखी लिहिली जाते. मॉन्टेलुकास्ट दम्यासाठी लागत असेल तर प्रश्न वेगळा, नुसत्या शिंकांसाठी मी ते काढून टाकते. झोप, मन:स्थिती यांवरच्या परिणामांमुळे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २०२० मध्ये त्यावर कडक इशारा छापायला लावला, आणि गरोदर बाईची झोप तशीही उडालेलीच असते.

गुगलवर तुम्हाला गरोदरपणात औषध किती सुरक्षित याबद्दल ‘कॅटेगरी बी’, ‘कॅटेगरी सी’ असं वाचायला मिळेल. ती अक्षरं एफडीएने २०१५ पासून नव्या लेबलांवरून काढून टाकायला सुरुवात केली, कारण लोक त्यांना शाळेतल्या ग्रेडसारखं वाचत होते. तुम्हीही वाचू नका.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा धरते: नाक धुणं, ब्युडेसोनाइड स्प्रे, थेंब एकेका नाकपुडीने बंद, आणि पहिल्या आठवड्यात गरजेप्रमाणे रात्री सेटिरिझिन. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना हे दाखवून त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या, कारण तुमचा रक्तदाब, आधीचे आजार त्यांना माहीत आहेत. डोळ्यांना सोडियम क्रोमोग्लायकेटचे थेंब चालतात, आणि गार पाण्याच्या घड्या. ‘लाली घालवणारे’ थेंब नकोत, ते नाकातल्या थेंबांचेच भाऊबंद.

एक शंका मात्र राहतेच: हे सगळं करूनही रात्री नाक बंद राहिलं तर? तर ते बहुधा गर्भारपणाचं नाक. बाळासाठी अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, नाकातलं अस्तरही त्यात फुगतं. पाचात एकीला तरी हे होतं, कधीच ॲलर्जी नसलेलीलाही. ओळख सोपी: शिंका नाहीत, खाज नाही, नुसतं बंद. त्याला ॲलर्जीच्या गोळीचा उपयोग नाही. उशाकडची बाजू उंच करा, कुशीवर झोपा, नाक धूत राहा. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत आपोआप उघडतं. पण नव्याने घोरणं सुरू झालं असेल तर पुढच्या तपासणीला आवर्जून सांगा. घोरण्याचा आणि गरोदरपणातल्या रक्तदाबाचा संबंध आहे, आणि ही गोष्ट बायका स्वतःहून कधी सांगत नाहीत. नवऱ्यालाच विचारावं लागतं.

आता त्या प्लॉटकडे. गणपती ते दिवाळी हा त्रास म्हणजे बहुतेक गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात. नावात गवत असलं तरी ते सूर्यफुलाच्या कुळातलं. अमेरिका खंडातून आलेलं हे तण देशात ज्या शहरामुळे ठळकपणे नजरेत आलं ते आपलं पुणंच, १९५० च्या दशकात. पाऊस ओसरताना ते पांढऱ्या बारीक फुलांनी भरतं. कुणी उपटायला माणसं लावली तर तुम्ही त्या दिवशी घरात नका थांबू, निदान खिडक्या बंद ठेवा, आणि स्वतः तर हात लावूच नका. फुलावर यायच्या आधी, पावसाळ्याच्या सुरुवातीला उपटलं तर उपयोग. आता पुढच्या वर्षी. आणखी एक, दसऱ्याला झेंडूची तोरणं तुम्ही ओवू नका. झेंडू आणि शेवंती त्याच कुळातले. तोरण दाराला असू दे, ओवायला नणंद बसू दे. नवरात्राआधी घर काढतात तेव्हा माळ्यावरच्या गाद्या, गोधड्या झटकणं हे कामही यंदा तुमचं नाही, त्यात धुळीतले किडे असतात. तुमची चादर-अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, साठ अंशांवर. कपडे त्या प्लॉटकडच्या गॅलरीत वाळत घालू नका.

तुमची बहीण न्यू जर्सीत असते असं तुम्ही शेवटी लिहिलंय, तिलाही तिथे सप्टेंबरमध्ये हेच होतं. तिकडे रॅगवीड नावाचं तण ऑगस्टपासून दहिवर पडेपर्यंत पराग सोडतं, ते गाजरगवताचं जवळचं भावंड. पुण्यात ज्याचं नाक गाजरगवताला ओळखायला शिकलं, त्याला तिकडचं भावंड अनोळखी नसतं. हेच फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होत असतं तर मी वावळ्याच्या झाडावर संशय घेतला असता.

ॲलर्जीच्या चाचण्यांचं: कातडीवर टोचून करायची चाचणी गरोदरपणात नको, क्वचित का होईना, तीव्र रिॲक्शन येऊ शकते आणि बाळाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. ॲलर्जीच्या लशीचा कोर्स आधीपासून स्थिर डोसवर चालू असेल तर तो चालू ठेवतात, डोस वाढवत नाहीत, नव्याने सुरू करत नाहीत.

एका बाबतीत मी स्वतः चुकले आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अशीच एक मुलगी आली, शिंका आणि रात्रीचा खोकला. ‘काही महिन्यांचा प्रश्न आहे, काढ कळ’ असं मी तिला सांगितलं. तो खोकला दम्याचा होता. आठव्या महिन्यात ती रात्री दोन वाजता निळ्या ओठांनी आली. आई आणि बाळ दोघं सुखरूप राहिली, पण तेव्हापासून शिंकांची तक्रार आली की मी छातीला स्टेथोस्कोप लावल्याशिवाय सोडत नाही. शिट्टीसारखा आवाज, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप, पहाटे खोकल्याने जाग, यातलं काही असेल तर स्प्रेचा विचार नंतर, आधी छाती. पंप आधीपासून असेल तर तो बंद करायचाच नाही. साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइडचे पंप गरोदरपणात चालतात, न आवरलेला दमा मात्र बाळाचं वजन घटवतो आणि वेळेआधी बाळंतपण ओढवतो. ताप आला, एकाच गालात ठणका, दहा दिवसांहून जास्त पिवळा शेंबूड, तरीही दाखवा. तापाला पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन नको.

बाळ झाल्यावर अंगावर पाजताना सेटिरिझिन, लोरॅटाडिन, स्प्रे सगळं चालतं. स्युडोएफेड्रिन तेव्हाही नाही, त्याने दूध आटतं. तुमची तारीख मार्चच्या आसपास येईल, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी येणार. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकून बाळाला धुरी द्यायचा बेत घरात असेल, तर तो आत्ताच गोडीत मोडून ठेवा. तुमचं नाक धुराने पुन्हा पेटेल, आणि बाळाची फुप्फुसं तर आठ दिवसांची असतील. अंग शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरते.